भिंत कोणाची, ओल कोणाची?

मागच्या वेळी आपण मालकी या कल्पनेपाशी थांबलो होतो. 'हे माझं आहे' असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणत असतो, असा तो प्रश्न होता. व्याख्यान संपल्यावर दोघातिघांनी आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, हे लॉक आणि रूसो सगळं ठीक आहे, पण शेजारच्यांच्या न्हाणीघराचं पाणी आमच्या भिंतीत उतरतंय, त्याचं काय करायचं?" हसू नका. प्रश्न चांगला आहे, आणि तत्त्वज्ञानाचाच आहे. म्हणून आज ठरलेला विषय पुढे ढकलून आपण दोन घरांच्या मधल्या भिंतीबद्दल बोलणार आहोत.

नेहमीचा प्रसंग घेऊ. दोन घरं, मध्ये एक भिंत. अलीकडच्या घराच्या बाहेरच्या खोलीत त्या भिंतीला ओल आली आहे. रंगाचे पोपडे सुटलेत, पांढरे क्षार फुटलेत, कपाटातले कपडे हाताला दमट लागतात. पलीकडे त्याच भिंतीला लागून न्हाणीघर आहे. अलीकडचे काका जाऊन सांगतात, "वहिनी, जरा तुमचा नळ बघून घ्या, आमच्याकडे ओल येतेय." वहिनी आत जातात, भिंतीला हात लावून बघतात आणि म्हणतात, "अहो, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे!"

इथून भांडण सुरू होतं. काकांना वाटतं, या खोटं बोलतायत. वहिनींना वाटतं, हे उगाच आळ घेतायत. आता गंमत बघा, वहिनी बोलल्या ते शब्दशः खरं आहे. न्हाणीघराच्या भिंतीला चकचकीत टाइल्स आहेत. त्यांतून पाणी सहसा झिरपत नाही. पाइप आहे भिंतीच्या पोटात. तो गळतोय, आणि पाण्याला टाइल्सच्या बाजूने बाहेर पडता येत नाही. विटेला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ते सरकत सरकत अलीकडे येतं, गिलाव्यातून बाहेर पडतं, तिथे त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. म्हणजे जिथे पाणी सुटतं ती बाजू कोरडी आणि जिथे ते पोचतं ती बाजू ओली. डोळ्यांना दिसतं ते दोघांनाही खरंच दिसतं, पण दोघांनाही अर्धंच दिसतं.

आजच्या सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे. सामाईक हद्दीवर त्रास एका बाजूला असतो आणि उपाय दुसऱ्या बाजूला. ज्याला ओल सोसावी लागते त्याला पाइपाला हात लावता येत नाही. ज्याला हात लावता येतो त्याला ओल नाही, म्हणून घाईही नाही. कागदावर हद्द ही एक रेघ आहे, तिला जाडी नाही. मालकी सांगायला ती पुरते. घर राखायला मात्र ती पुरत नाही, कारण आपल्या भिंतीची बाहेरची बाजू नीट करायची तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर उभं राहावं लागतं.

थोडं व्यवहारात राहू, कारण निदान चुकलं तर पुढची सगळी चर्चा वाया जाते. ओल कुठून येते हे ओळखायला घरच्या घरी काही गोष्टी करता येतात. फक्त पावसाळ्यात येते आणि दिवाळीनंतर वाळते, तर बहुधा बाहेरच्या गिलाव्याला भेगा आहेत किंवा पन्हळ तुंबली आहे. ऐन वैशाखातही तशीच आहे, तर नळ किंवा सांडपाणी. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत सगळ्या भिंतीला सारखी पट्टी दिसते, तर पाणी खालून, पायातून वर चढतंय. तिथे शेजाऱ्यांचा काही दोष नसण्याचीच शक्यता जास्त. पलीकडच्यांनी रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि सकाळी तो पुढे सरकलेला दिसला, तर पाइप कुठेतरी गळतोय. मीटर हलला नाही, तर न्हाणीघराच्या मोरीला बोळा लावून जमिनीवर दोन बोटं पाणी एक दिवस साठवून ठेवायचं. ते कमी झालं तर जमिनीची दरज किंवा जाळीभोवतीचं काम गेलं. यातल्या बहुतेक चाचण्या पलीकडच्या घरात करायच्या आहेत, हे लक्षात आलं ना? साधी शंका फेडायची तरी शेजाऱ्यांचं दार उघडावं लागतं.

आणि लोक प्रत्यक्षात काय करतात? दार वाजवणं अवघड वाटतं म्हणून आपल्याच बाजूने सिमेंटचा जाड गिलावा मारतात, वर वॉटरप्रूफ रंग लावतात. दोन महिने छान दिसतं. पाण्याची वाट मात्र आपण फक्त बुजवलेली असते, पाणी थांबवलेलं नसतं. ते आतल्या आत वर चढतं आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला पुन्हा दिसायला लागतं. जुन्या चुन्याच्या भिंतीचं तर यात फारच नुकसान होतं. चुन्यातून वाफ बाहेर पडू शकते, सिमेंट ती कोंडून धरतं, आणि आतली पांढरी माती, विटा भुगा होऊ लागतात. वाड्यांमधल्या कितीतरी भिंतींची वाट दुरुस्तीनेच लावली आहे, असं आमचं मत आहे.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. पण वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात मात्र हमखास जातं, आणि हे भांडण फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांच्या वादांचा भाग आहे, तो आवर्जून वाचा. राज्य, हेर, युद्ध यांच्याबद्दल बोलणारा हा माणूस तिथे पन्हळ, मोरी, खिडकी आणि छप्पर यांबद्दल बोलतो. पाणी उतरायला पुरेसा उतार असलेली वाट घराला हवी, ती नसेल तर दंड. त्यात एक सवलत आहे: बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरता जो आडोसा उभारतात त्याला हा नियम लागू नाही. किती माणुसकीची नजर आहे बघा. लागून असलेल्या दोन छपरांबद्दल तो सांगतो की एकतर मध्ये चार अंगुळं अंतर ठेवा, नाहीतर एक छप्पर दुसऱ्यावर चढवा. चार अंगुळं म्हणजे साधारण तीन इंच. चिकटून पण न चढलेली छपरं मात्र नकोत, कारण सगळं पाणी त्या फटीतून खाली उतरतं. कोणताही गवंडी आजही हेच सांगेल.

पण आम्हाला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची तरतूद. घरमालकांनी आपसांत जमून हवं तसं बांधावं, फक्त जे अपायकारक असेल ते टाळावं, अशा अर्थाचं तिथे सांगितलं आहे. म्हणजे अंगुळं मोजणारा नियम हा ज्यांचं आपसांत जमत नाही त्यांच्यासाठी. ज्यांचं जमतं त्यांना राज्य मोकळं सोडतं. आणि जमीन-घराचे वाद कोणाच्या सांगण्यावरून मिटवायचे? शेजारपाजाऱ्यांच्याच.

आता आपल्या काळात येऊ. आपल्याकडे या विषयाचा मुख्य कायदा १८८२ सालचा आहे, इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. ईझमेंटला कायद्याच्या मराठीत सुविधाधिकार म्हणतात, बोलण्यात आपण वहिवाट म्हणतो. कल्पना अशी की माझ्या घराचा नीट उपभोग घेता यावा म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर मला एक मर्यादित हक्क असतो. जाण्यायेण्याचा, पाणी नेण्याचा, उजेडाचा, आधाराचा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावंसं वाटतं, कारण मागच्या वेळी ज्या मालकीला आपण पूर्ण आणि अभेद्य समजत होतो, तिच्या आत कायद्यानेच दुसऱ्याला जागा करून दिली आहे.

या कायद्याचं चोविसावं कलम दुरुस्तीसाठी फार उपयोगाचं आहे. तुमचा पाइप दुसऱ्याच्या जमिनीतून नेण्याचा हक्क तुम्हाला असेल, तर तो दुरुस्त करायला आत जाऊन जमीन खणण्याचाही हक्क आहे, पण जमीन पुन्हा होती तशी करून द्यायची. तुमच्या घराला शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार घेण्याचा हक्क असेल आणि ती भिंत खचली, तर आत जाऊन तुम्ही ती दुरुस्त करू शकता. ही उदाहरणं कायद्यातच दिलेली आहेत. खर्च ज्याचा हक्क त्याचा. आणि तुमचा पाइप तुम्ही राखला नाहीत म्हणून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाईही तुमची. उलट ज्याच्या जमिनीवर हा बोजा आहे, त्याने तुमच्यासाठी स्वतः काही काम करावं अशी अपेक्षा सहसा नाही. त्याने आड येऊ नये, एवढंच.

मग लोक आड का येतात? दुष्टपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण बहुतेक ठिकाणी कारण भीतीचं असतं: "आज परांची बांधायला आत येऊ दिलं, तर उद्या म्हणतील ही आमची वहिवाट." ही भीती हवेतून आलेली नाही. वीस वर्षं एखादी गोष्ट उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून चालत आली, तर ती खरोखरच हक्क बनू शकते. हे ऐकून ऐकून लोकांनी एक चुकीचा धडा घेतला: चांगुलपणा केला की जमीन जाते. म्हणून शहाणा माणूस कोण, तर जो कोणालाच आत येऊ देत नाही.

मंडळी, इथे कायदा नीट वाचला पाहिजे. हक्क पिकतो तो हक्क म्हणून केलेल्या वापरातून. परवानगी मागून, परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्यातून असा हक्क तयार होत नाही. त्याच कायद्यात परवान्याचं, म्हणजे लायसन्सचं, वेगळं प्रकरण आहे, आणि असा परवाना साधारणपणे मागेही घेता येतो. म्हणजे ज्याला जमिनीची काळजी आहे त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित गोष्ट कोणती? तोंड फिरवणं नाही. 'हो' म्हणणं, आणि ते कागदावर म्हणणं. चार ओळी पुरतात: आपल्या विनंतीवरून अमुक तारखेपासून अमुक दिवस, भिंतीच्या बाहेरच्या गिलाव्यासाठी आमच्या आवारात परांची उभारायला परवानगी देत आहोत; काम झाल्यावर जागा पूर्ववत करून द्यावी; यातून कोणताही कायमचा हक्क निर्माण होत नाही. खाली दोघांच्या सह्या. एक सावधगिरी मात्र ठेवा. परवानगीवर विसंबून समोरच्याने खर्च करून कायमचं बांधकाम केलं, तर तो परवाना पुढे काढून घेता येत नाही. तेव्हा परांचीला 'हो' म्हणा. पक्क्या ओट्याला 'हो' म्हणण्याआधी वकिलाला विचारा.

पुष्कळांना हे लिहून घेणं अपमानाचं वाटतं. "शेजाऱ्यांशी काय कागद करायचा?" पण तोंडी परवानगी देणारी माणसं जातात, घरं राहतात. पुढच्या पिढीला आजोबांनी 'हो' म्हटलं होतं की आजोबांवर कोणी जबरदस्ती केली होती, हे कसं कळणार? चांगुलपणाला कागदाचा आधार मिळाला तर तो जास्त वेळा करावासा वाटतो.

आता थोडा कठीण भाग. नुकसान 'कोणी केलं', हे वाटतं तितकं सरळ नसतं. इंग्लंडमधला १८७९ चा एक खटला आहे, ब्रायंट विरुद्ध लेफिव्हर. दोन शेजारी, दोघांची घरं जवळपास सारख्या उंचीची. १८७६ मध्ये एकाने घर पाडून नव्याने बांधलं, शेजाऱ्याच्या धुराड्यांलगतची भिंत बरीच उंच नेली आणि छपरावर लाकडं रचली. झालं, शेजाऱ्याच्या धुराड्यांतला धूर बाहेर जाईना, घरात पसरू लागला. ज्यूरीने त्याला ४० पौंड भरपाई दिली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. का? धूर भिंतीचा नाही, तुमच्या शेगडीचा आहे. शेगडी पेटवू नका, धूर येणार नाही.

ऐकायला संतापजनक वाटतं. १९६० मध्ये रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या प्रसिद्ध निबंधात हा खटला घेतला आणि म्हटलं की धूर दोघांमुळे आला. शेगडी नसती तर धूर नसता, आणि भिंत नसती तर त्रास नसता. याला थांबवलं तर त्याचं नुकसान, त्याला थांबवलं तर याचं. कोसच्या या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या ओल्या भिंतीलाही ते लागू करून बघा: पाइप पलीकडचा, पण भिंतीला टेकवून लाकडी कपाट अलीकडच्यांनीच ठेवलं ना? पण आमच्या मते इथे एक गोष्ट निसटते. कोस विचारतो की कोणतं नुकसान टाळणं स्वस्त पडेल. शेजारी मात्र आणखी काही विचारत असतो: मी इथे आधीपासून सुखाने राहत होतो, तू बदल केलास, मग मला निदान आधी सांगितलंस का? हा प्रश्न पैशाने पूर्ण फिटत नाही. ज्याने बदल केला त्याच्यावर आधी सांगण्याची जबाबदारी आहे, हे आम्हाला साधं नैतिक सत्य वाटतं.

आधी सांगण्याचं महत्त्व किती, ते एका भयंकर घटनेवरून कळतं. २९ जून २०१९, पुण्यातलं कोंढवा. मध्यरात्रीनंतर पावसात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेवर कोसळली. खाली मजुरांची पत्र्याची घरं होती. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. दोष कोणाचा हे ठरवणं आपलं काम नाही. आपण एवढंच लक्षात घेऊ की दोन मालकांच्या मधल्या भिंतीखाली जी माणसं मेली, ती या बाजूच्या मालकांतलीही नव्हती आणि त्या बाजूच्याही नव्हती.

अशा भिंतींचं सर्वसाधारण शास्त्र सांगतो. उंचावरची माती अडवून धरणाऱ्या भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवतात. भोकं उघडतात खालच्या शेजाऱ्याकडे. पावसाळ्यात त्यांतून गढूळ पाणी येतं, त्याचं आवार चिखल होतं, आणि एक दिवस तो वैतागून भोकं सिमेंटने बुजवतो. त्याच्या दृष्टीने त्याने आपलं आवार राखलं. भिंतीमागे मात्र पाणी चढू लागतं. तीन मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकट्या पाण्याचा रेटा सुमारे ४.५ टन होतो, मातीचा रेटा वेगळाच. वरच्याला भोकं दिसत नाहीत, खालच्याला पाणी दिसत नाही. न्हाणीघराच्या भिंतीचीच ही मोठी आणि जीवघेणी आवृत्ती आहे. इथे शेजाऱ्याने भोकाखाली एक गटार काढून मागायला हवं होतं आणि वरच्याने ते आपल्या खर्चाने करून द्यायला हवं होतं.

डेव्हिड ह्यूमचं एक उदाहरण तत्त्वज्ञानाच्या वर्गात नेहमी सांगतात. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुरणात पाणी साचलं, तर ते काढायला दोघं सहज एकत्र येतात. हजार माणसांना मात्र ते जमत नाही, प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. आमचा ह्यूमशी थोडा मतभेद आहे. त्याच्या कुरणात पाण्याचा त्रास दोघांना सारखा होता. भिंतीत तसा नसतो, म्हणून दोनच माणसं असूनही जमत नाही. फ्लॅटमध्ये हीच हद्द आडवी होते, एकाची जमीन ती दुसऱ्याचं छत. तिथे निदान सोसायटी नावाचा तिसरा पक्ष असतो, आणि घराच्या आतली गळती ज्याची त्याने, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची सोसायटीने, अशी वाटणी आदर्श उपविधींत केलेली आहे. स्वतंत्र घरांना हा तिसरा पक्ष नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: "सगळं समजावून सांगितलं, पत्र दिलं, तरी शेजारी दार उघडत नाहीत. आम्ही आमच्या बाजूने भिंत फोडून त्यांचा पाइप बंद करावा का?" अजिबात नको. भिंत सामाईक असेल तर तुम्हीच अडचणीत याल. वहिवाटीचा हक्क असला तरी त्यात आणलेला अडथळा स्वतःच्या हाताने दूर करायला ईझमेंटच्या कायद्यातही मनाई आहे. तारखेसह फोटो काढून ठेवा, पोच घेऊन पत्र द्या. आधी भिंत कोणाच्या हद्दीत आहे हेच ठरलेलं नसेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज करा. दिवाणी न्यायालयात गेलात तर न्यायालयाला कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करवता येते. म्हणजे शेवटी एक त्रयस्थ माणूस त्यांच्या न्हाणीघरात जाऊन बघेलच. हे शेजाऱ्यांना शांतपणे सांगून बघा. पुष्कळदा त्रयस्थापेक्षा ओळखीचे काका बरे वाटतात.

दुसरी चिठ्ठी: "मधल्या भिंतीत पिंपळ उगवला आहे, शेजारी म्हणतात देववृक्ष आहे, तोडायचा नाही." रोप वीतभर असेल तर मुळासकट अलगद काढता येतं, आणि ते मोकळ्या जागेत नेऊन लावता येतं. शेजाऱ्यांना तेच सुचवा, आणि लावायला बरोबर घेऊन जा. नुसता शेंडा खुडू नका, मूळ आत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतं. रोप काढल्यावर ती फट त्याच दिवशी चुन्याने भरा. आणि झाड मोठं झालं असेल, तर शहरात ते तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. तो अर्ज दोघांनी मिळून करावा, भिंत दोघांची आहे.